सातव्या दफ्तराची जागा

विश्वजीतने टेबलावर नकाशा पसरला, कानावरची पेन्सिल काढली आणि बावीस फुटांच्या खोलीतले चार फूट माझ्या डोळ्यांदेखत खोडून टाकले.

"एवढं कमी केलं तर बसतंय, मावशी. नाहीतर नाही बसत. लोखंडी सरियाचा रेट बघा, सिमेंटात घालायच्या बालूचा बघा. आणि वरून ढुलाई. ट्रक मैदागिनच्या पुढे येत नाही. तिथून ठेला, गल्लीच्या तोंडापासून खच्चर, मग दोन जिने डोक्यावर. भट्टीवरून निघालेली वीट आपल्या गच्चीवर पोचेपर्यंत दुपटीची होते."

"आणि या चार फुटांत गेलं काय?"

"एक रॅक फक्त. सात नंबरचा. तो तसाही खालीच आहे."

या मुलाचा जन्म बनारसचा, इंजिनिअरिंग बनारसचं, आणि मराठी फक्त आईसमोर नि माझ्यासमोर. तरी माझं डोकं फिरलं. "खाली पाणी येतं," मी म्हणाले. "रॅकला रिकामा म्हणतात. आणि तो रिकामाही नाही. त्याचं दफ्तर यायचं आहे."

विश्वजीतने माझ्याकडे असं पाहिलं, जणू आता मावशींना डॉक्टरकडे न्यायला हवं. मग त्याने पेन्सिल परत कानावर ठेवली. मुलगा गुणी आहे, आमच्याकडून फी घेत नाही, म्हणून मीही आवाज खाली आणला.

मंगला गौरीच्या देवळापासून दोन वळणं घेतली की एक जुनी पाठशाळा लागते. तिच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत काशीतल्या मराठी घरांचे कागद ठेवलेले आहेत. पत्रं, यात्रेकरूंच्या याद्या, श्राद्धाला कोण आलं नि कोण रुसून निघून गेलं त्याच्या नोंदी, राजा घाटाजवळच्या एका घरातलं दीडशे वर्षांचं टिपण. बरंचसं मोडीत. कुणीही यावं, पाहावं. फी नाही, फक्त नळावर हात धुऊन, कोरडे करून यायचं. दारावर पाटी आहे, 'महाराष्ट्र दफ्तर, काशी'. पाटीखाली लोक चपला काढतात, तशी सक्ती नसताना.

दोन खोल्या आता पुरत नाहीत. काशी सोडून पुण्याला मुलाकडे निघालेलं प्रत्येक घर जाताना दोन गाठोडी आमच्या दारात ठेवून जातं. त्यांच्या फ्लॅटमध्ये जागा नसते, आमच्याकडे ती असते असा त्यांचा ठाम समज. शिवाय तळमजल्याला ओल. गंगा दर दोन-तीन वर्षांनी गल्लीपर्यंत येऊन चौकशी करून जाते, आणि मग आम्ही म्हातारी माणसं गाठोडी जिन्यावर चढवत बसतो. म्हणून गच्चीवर एक कोरडी खोली बांधायची, सगळं वर न्यायचं. समितीचा ठरावच होता की मार्चअखेर खोलीचे पैसे उभे राहिले नाहीत, तर कागद लखनौच्या मोठ्या अभिलेखागारात देऊन टाकायचे. तिथे ओल नाही, पूर नाही, यंत्रं आहेत. ठरावात काहीच चुकीचं नव्हतं. तेच माझ्या जास्त डोक्यात जात होतं.

आणि पैसे कमी पडत होते ते माझ्या एका शब्दामुळे, हेही सांगून टाकते.

दोन वर्षांपूर्वी मी सरकारी योजनेत अनुदानासाठी अर्ज केला. मी बँकेत पस्तीस वर्षं काढलेली बाई, हजारो अर्ज तपासले, शेकडो परत पाठवले. स्वच्छ हिंदीत लिहिलं, 'दफ्तर के विस्तार हेतु'. सात महिन्यांनी उत्तर आलं, की कार्यालय वाढवण्यासाठी या योजनेत पैसे मिळत नाहीत.

मी तणतणत तिथे गेले. टेबलामागचे साहेब वयाने माझ्याहून लहान, चष्मा कपाळावर, स्वभावाने अगदी सज्जन.

"मॅडम, दफ्तर बढाने का पैसा किसी को नहीं देते. अपना दफ्तर तो हम भी बढाना चाहते हैं," ते म्हणाले, आणि आपल्या खोलीतल्या गळक्या छताकडे बोट दाखवलं.

"ऑफिसवाला दफ्तर नहीं. कागजवाला दफ्तर."

"कागज तो हर दफ्तर में होता है."

मी हाताने गाठ मारून दाखवली. लाल कपडा, आत जुने कागद, वर सुतळी. साहेब एकदम खुर्चीत पुढे सरकले. "अरे! तो बस्ता कहिए न. पुराना बस्ता!"

मला तिथे, सरकारी कचेरीत, हसू आवरेना. हिंदीत कागदांच्या गाठोड्याला बस्ता म्हणतात नि पोरांच्या शाळेच्या पिशवीलाही बस्ताच. आपल्या मराठीत कागदांच्या गाठोड्याला दफ्तर म्हणतात नि पोरांच्या शाळेच्या पिशवीलाही दफ्तरच. दोन भाषांनी न ठरवता एकच केलं होतं, आणि मी लहानपणापासून दोन्ही शब्द रोज वापरत असून मला ते कधी दिसलं नव्हतं. समितीत मी उत्साहाने सांगितलं, की आता अर्ज बस्त्याच्या नावाने करायचा, तर आमच्या प्रमोदिनीताई, वय ब्याऐंशी, कानाला यंत्र, म्हणाल्या, "बस्ता? अगं बाई, लग्न कुणाचं?" त्यांच्यासमोर थेट शालू नि पैठण्या आल्या. खरं आहे, मराठीत बस्ता लग्नाचाच.

नवा अर्ज मंजूर झाला. पण मधे वर्ष गेलं, आणि मंजुरी जुन्या भावाने. लोखंड, सिमेंट, वाळू, मजुरी, सगळं वर गेलं, अनुदान जिथल्या तिथे. फरक सव्वापाच लाखांचा, तो आम्ही भरायचा, एकतीस मार्चच्या आत. विश्वजीतचे चार फूट त्यातले दीड लाख वाचवत होते, बाकीचे तरीही उभे करायचेच होते.

"पण तो सातवा रॅक काय आहे?" त्याने विचारलं. "मी लहानपणापासून बघतोय. दसऱ्याला तुम्ही त्याच्यावर पण फूल ठेवता."

मग मी त्याला सांगितलं.

आमच्या लहानपणी ढुंढिराज मास्तर दर रविवारी इथे, याच पाठशाळेत, मराठीचा वर्ग घ्यायचे. आठवडाभर आम्ही हिंदी शाळेत शिकायचो आणि रविवारी तीच पिशवी घेऊन मास्तरांकडे यायचो. रस्त्यात तो बस्ता असायचा. पाठशाळेचा उंबरा ओलांडला की त्याचं दफ्तर व्हायचं. चुकून कुणी आत बस्ता म्हणालं तर मास्तर म्हणायचे, "लग्न जमलं का तुझं?" आणि सगळे हसायचे. पांढरं धोतर, बाह्या वर केलेला सदरा, अंगाला कापराचा वास. कापूर त्यांच्या कागदांचा. घरोघरी फिरून, चहाला नाही म्हणून आणि कागदाला हो म्हणून, त्यांनी जमवलेले जुने कागद खाली पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांजवळच्या त्यांच्या तळखोलीत असायचे. तेव्हा त्या कागदांना कुणी नाव दिलेलं नव्हतं. शेजारी त्यांना मास्तरांची रद्दी म्हणायचे.

अठ्ठ्याहत्तरच्या सप्टेंबरात गंगा चढायला लागली ती थांबेचना. तो रविवार होता. आम्ही सात मुलं वर्गाला आलो होतो, म्हणजे आम्हाला घरून पाठवलं होतं यावरूनच तो काळ कसा होता ते समजा. मास्तर भिजलेल्या धोतराने वर आले आणि म्हणाले, "दफ्तरं रिकामी करा."

आम्हाला कळेना.

"पुस्तकं नवी मिळतील. ते कागद मिळायचे नाहीत. चला."

आम्ही पुस्तकं कोनाड्यात ओतली आणि रिकामी दफ्तरं घेऊन त्यांच्यामागे खाली गेलो. तळखोलीत घोटाभर पाणी होतं. मास्तर वरच्या फळीवरून गठ्ठे काढत होते आणि आमच्या दफ्तरात कोंबत होते, प्रत्येकाला त्याच्या ताकदीप्रमाणे. मग एकेकाला हुकूम, चौखंब्याला आमच्या मामांच्या माडीवर न्या, मागे बघू नका. आजच्या आईबापांनी मास्तरांना तुरुंगात धाडलं असतं. आम्हाला मात्र त्या दिवशी फार मोठं झाल्यासारखं वाटत होतं.

मी तेरा वर्षांची होते आणि सगळ्यांत मोठी. सगळ्यांत लहान प्रसन्न, दहाचा. त्याचे वडील रेल्वेत, नाशिककडचे, बदलीवर आलेले. मास्तरांनी त्याचा हात माझ्या हातात दिला. "मृणाल, याचा हात सोडू नकोस."

गल्लीच्या वळणावर उतार आहे, तो अजून आहे. तिथे पाणी माझ्या कमरेला लागलं, त्याच्या छातीला. एका हाताने मी डोक्यावरचं दफ्तर धरलं होतं, दुसऱ्या हातात तो. पट्टा निसटला. दफ्तर कलंडलं, पाण्याला टेकलं, आणि मी दोन्ही हातांनी ते वर उचललं. दोन्ही हातांनी. पुढचं मला धड आठवत नाही. चौखंब्याच्या माडीवर पोचून मागे पाहिलं तर प्रसन्न नव्हता.

तो वाचला, हे लगेच सांगते. संध्याकाळी निरोप आला की एका नाववाल्याने त्याला उचलून घरी पोचवलंय, ठीक आहे. पण तो पुन्हा वर्गाला आला नाही. पाणी ओसरल्यावर मास्तर त्याच्या घरी गेले तर दाराला कुलूप. बदलीचा हुकूम आला होता, बिऱ्हाड गेलं होतं.

सहा दफ्तरं वाचली. मास्तरांनी त्या दिवाळीनंतर पाठशाळेत सात फळ्या ठोकल्या आणि दाखल-वही उघडली. कागद कुणाच्या घरचे, कोणत्या सालचे, ही वर्गवारी त्यांनी केलीच नाही. ज्या मुलाने जे आणलं ते त्याच्या नावाने लावलं. पद्माचे दफ्तर. वासुदेवाचे दफ्तर. निनादचे, संपदाचे, बकुळचे. मृणालिनीचे दफ्तर. आजही जगभरचे अभ्यासक तसंच लिहितात, 'पद्मा दफ्तर, पत्र एकेचाळीस'. एका परदेशी बाईंनी मला विचारलं होतं, ही पद्मा कोणत्या सरदाराची पत्नी? मी म्हटलं, सरदाराची नव्हे हो, दुर्गाघाटावरची, नाक पुसायला कायम परकराचं टोक वापरायची.

आणि सातव्या फळीसाठी वहीत एक ओळ आहे. 'दफ्तर ७ वे, प्रसन्न. यायचे आहे.' हरवले नाही, वाहून गेले नाही. यायचे आहे. मास्तर जिवंत होते तोवर दर दसऱ्याला सात फळ्या पुसायचे, सात झेंडूची फुलं ठेवायचे. पुढे फळ्यांचे लोखंडी रॅक झाले, जागेची मारामार सुरू झाली, गाठोडी जमिनीवर आली, पण सातवा रॅक रिकामा राहिला. ते गेल्यावर बावीस वर्षं मी तो पुसते. मला मास्तरांनी एका शब्दाने कधी विचारलं नाही, तुझ्या हातात दिला होता ना म्हणून. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

विश्वजीतने विचारलं, "बाकीचे पाच कुठे आहेत?"

"पांगले. पद्मा गेली चार वर्षांपूर्वी."

"त्यांना मागा ना पैसे. त्यांच्या नावाचे बस्ते आहेत."

"दफ्तरं."

"तेच. आणि प्रसन्नला शोधलं का?"

मी म्हटलं, "एवढ्या मोठ्या देशात कुठे शोधू?" हे खोटं होतं. मी शोधलंच नव्हतं. सापडला असता तर बोलावं लागलं असतं.

पुढचे पंधरा दिवस मी फोनवर होते. वासुदेव इंदूरला, वकील, आधी दहा मिनिटं माझ्या आवाजाची नक्कल करून दाखवली, मग लाख रुपये पाठवले. संपदा म्हणाली, "त्या वर्षी माझं गणिताचं पुस्तक कोनाड्यात भिजलं, मी नापास झाले, तुम्हीच मला पैसे द्यायला हवेत," आणि दुसऱ्या दिवशी तिचेही आले. निनादला आपलं नाव पुस्तकांच्या तळटिपांत छापलं जातं हे माहीतच नव्हतं. मी एक ओळ वाचून दाखवली तर हा सहा फुटी, बँड वाजवत हिंडलेला माणूस फोनवर हुंदके द्यायला लागला. बकुळने पेन्शनमधून दिले. पद्माच्या मुलीने आईच्या नावाने दिले आणि विचारलं, नाक पुसण्याची गोष्ट खरी आहे का. मी माझा वाटा घातला. तरीही दीड लाख कमीच पडत होते.

मार्चच्या मध्यावर विश्वजीत आला, चहा घेतला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. रेल्वेवाल्यांच्या कुठल्याशा ग्रुपवर चौकशी केली होती त्याने. नाव, आडनाव, वडिलांचं नाव, भुसावळ, निवृत्तीला दोन वर्षं बाकी. खाली नंबर. सत्तेचाळीस वर्षं मी जे केलं नाही ते या पोराने चहा निवायच्या आत केलं.

मी तो गेल्यावर फोन लावला.

"प्रसन्न? मी मृणालिनी. बनारसहून. मास्तरांच्या वर्गातली."

पलीकडे दूरवर कुठे गाडीची शिटी. मी घाबरले की भराभर बोलते. विटा, वाळू, खच्चर, एकतीस मार्च, दफ्तर म्हणावं तर ऑफिस होतं नि बस्ता म्हणावं तर लग्न, सगळं एका दमात सांगितलं आणि दीड लाखावर येऊन थांबले.

"मास्तर?" त्याने विचारलं.

"जाऊन बावीस वर्षं झाली."

"मला काही म्हणाले होते?"

मला वहीतली ओळ वाचून दाखवायची होती. "तुझी जागा ठेवलीय," एवढंच म्हणाले.

"बरं," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

त्या दिवशी स्वतःचा इतका राग आला की सांगता येत नाही. मुलाचा हात सोडला, आणि सत्तेचाळीस वर्षांनी शोधून काढून वर्गणी मागितली. त्याचा काही फोन आला नाही. मी विश्वजीतला कळवून टाकलं, की अठरा फुटांचा नकाशा पक्का कर. तो हो म्हणाला, पण खूश झाल्यासारखा वाटला नाही.

रामनवमी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाठोड्यांतल्या कापराच्या पुड्या बदलत होते. दारात एक माणूस चपला काढत उभा होता. टक्कल, पोट, खांद्याला प्रवासी बॅग, गाडी चार तास लेट झाल्यावर होतो तसा चेहरा. त्याने बाजूच्या नळावर हात धुतले, रुमालाला पुसले. मग म्हणाला, "मृणालताई?"

तो आपणहून आत आला, समोर बसला, बॅगेची चेन उघडली आणि आतून एक खाकी दफ्तर काढून टेबलावर ठेवलं. कॅनव्हासचं, एक बक्कल तुटलेलं, पट्ट्याला सुतळी. सात पोरांची सात दफ्तरं एकाच दुकानातली होती, विश्वनाथ गल्लीतल्या. मी ते अंधारातही ओळखलं असतं.

"उघडा," तो म्हणाला.

आत कागद नव्हते. कागदांची वीट होती. भिजून, वाळून, एकमेकांना चिकटून झालेला घट्ट तपकिरी ठोकळा. वरच्या पानावर 'श्री' तेवढा दिसत होता.

"बाबांनी चुलीजवळ वाळवले," प्रसन्न म्हणाला. "वाळले तसे चिकटले. आई म्हणाली, मास्तरांचे एवढे मोलाचे कागद पोराने नासवले, आता तोंड काय दाखवायचं. तेवढ्यात बदली झाली. झाशी, इटारसी, मग भुसावळ. प्रत्येक क्वार्टरमध्ये हे माळ्यावर असायचं. टाकवेना, आणि परत आणून द्यायची छाती होईना. आता ह्याचा काही उपयोग नाही, मला कळतं. पण तुम्ही म्हणालात, जागा ठेवलीय."

"उपयोग नाही कोण म्हणालं?" मी म्हणाले. माझा आवाज उगीच चढला. "असे ठोकळे सोडवणारी माणसं आहेत आता. एकेक पान. वेळ लागेल फक्त."

मग मी त्याला सातव्या रॅकपाशी नेलं. गेल्या दसऱ्याचं फूल वाळून तिथेच होतं.

"हे कुणाचं?"

"तुझं. दर वर्षी असतं. मास्तर ठेवायचे, आता मी ठेवते."

त्याने रॅकच्या लोखंडावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. आता नाही तर कधीच नाही, असं वाटून मी बोलून टाकलं. "प्रसन्न, मास्तरांनी तुला माझ्या हातात दिलं होतं. मी दफ्तर वाचवलं आणि तुझा हात सोडला. एवढं सांगायला मला इतकी वर्षं लागली."

तो वळला. खरोखरच त्याला समजलं नव्हतं. "तुम्ही कुठे सोडलात?"

"वळणावर. उतारावर."

"अहो ताई, मीच सोडवून घेतला. तुमचं दफ्तर पाण्याला टेकलं होतं. तुम्ही एका हाताने उचलत होतात, उचलत नव्हतं, आणि माझा हात काही सोडत नव्हतात. इतका घट्ट धरला होता की मनगट वळलं माझं. मी म्हटलं, दोन हात लागतील हिला. म्हणून ओढून घेतला." तो हसला, दहा वर्षांच्या मुलासारखाच, एका बाजूने. "आठवत नाही तुम्हाला?"

नव्हतं आठवत. मृणालिनीचे दफ्तर म्हणजे आमच्याकडचं सगळ्यांत जास्त पाहिलं जाणारं दफ्तर. दोनशे बारा पत्रं, एकही पान भिजलेलं नाही. आजवर मी ते उघडायचं टाळत आले, अभ्यासकांना दुसऱ्या कुणाकडून काढून द्यायला लावायचे. मी तिथेच, रॅकला टेकून, रडले. लाज वाटली नाही. प्रसन्न शेजारी उभा होता, रुमाल पुढे करून, तोच ओला, हात पुसलेला.

चहा झाल्यावर त्याने पाकीट काढलं. "पन्नास हजार आहेत. जास्त नाही जमत, मेमध्ये मुलीचं लग्न आहे. तिला हे सगळं सांगितलं, तुमचं ते दफ्तर नि बस्ता पण. ती म्हणाली, बाबा, माझ्या बस्त्यातले पन्नास त्या बस्त्याला द्या. मला दोन शालू कमी चालतील."

मी पावती फाडली. नाव विचारलं, तर मुलीचं सांगितलं, मालविका.

मग दाखल-वही काढली. मास्तरांचं अक्षर, शाई फिकट झालेली. 'दफ्तर ७ वे, प्रसन्न. यायचे आहे.' त्यापुढे मी तारीख घातली आणि लिहिलं, 'आले.' प्रसन्नला सही करायला सांगितली. त्याने चष्मा लावला, ती ओळ वाचली, आणि चष्मा काढून परत पुसायला लागला.

मी विश्वजीतला फोन लावला.

"प्लास्टर नको," मी म्हणाले. "फरशी नको. विटा दिसू देत, जमीन ओबडधोबड राहू दे, पुढच्या वर्षी बघू. पण खोली बावीस फूट कर. प्लास्टर-फरशीचा लाख वाचतो की नाही?"

"वाचतो. पण मावशी, अठरा पक्कं कर म्हणाला होतात. काय झालं?"

"सातवा रॅक खाली नाही."

त्याने विचारलं, "खाली, की रिकामा?"

मी समोर पाहिलं. प्रसन्न त्या खाकी दफ्तराची सुतळी नीट बांधत होता, रविवारी वर्ग सुटल्यावर बांधायचो तशी.

"काहीही म्हण," मी म्हणाले. "आता नाही."